आधी धुतलेले पाय

आमच्या चर्चच्या पंचमंडळाने एकमताने ठराव केला, की यापुढे इथे कुणीही साहेब नाही, सगळे सेवक. ठराव मांडताना अध्यक्षांना गहिवरून आलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि आपण मात्र खुर्च्या सोडत नाही, असं ते खुर्चीत बसूनच म्हणाले. मी चिटणीस. मी ते जसंच्या तसं इतिवृत्तात उतरवून घेतलं.

अंमलबजावणी ताबडतोब झाली. अध्यक्षांच्या जागी ‘प्रमुख सेवक’ हे पद आलं. त्यासाठी तिघे इच्छुक निघाले, आणि तिघांत जास्त नम्र कोण, यावरून दोन बैठका हमरीतुमरीवर आल्या. शेवटी अध्यक्षच जिंकले. प्रमुख सेवकाला बसायला स्वतंत्र खोली हवी, हे ओघानेच आलं. सभागृहामागे एकच खोली होती आणि तिच्यात मावशी राहायच्या. मावशी म्हणजे गेली एकोणीस वर्षं चर्च झाडणारी बाई. आता सगळेच सेवक झाल्यावर झाडायला वेगळं माणूस कशाला, असा बिनतोड मुद्दा निघाला आणि रविवारपर्यंत खोली खाली करा, असं मावशींना कळवण्यात आलं.

“या वयात मी जाऊ कुठे, साहेब?” त्यांनी मला विचारलं.

“साहेब नका म्हणू, मावशी. मीसुद्धा सेवकच आता.”

“बरं साहेब,” त्या म्हणाल्या.

रविवारी पाय धुण्याचा कार्यक्रम होता. बारा प्रतिष्ठित, बारा खुर्च्या, एक पितळी परात आणि फोटोग्राफर. अध्यक्षांना धुळीचं वावडं, म्हणून सर्वांचे पाय आधी धुऊन घ्यायचे ठरलं. ते काम अर्थातच मावशींकडे आलं. मागच्या नळावर गुडघे टेकून त्यांनी अकरा जणांचे पाय टाचांसकट घासले. माझेही घासले. पाणी फार गार आहे, अशी तक्रार मी केली.

बारावे बिल्डरसाहेब ऐनवेळी आले नाहीत. रिकाम्या खुर्चीने फोटो बिघडेल म्हणून मी मावशींना हाताला धरून तिथे बसवलं. अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघत एकेकाचे पाय ओले करत पुढे सरकत होते. शेवटच्या खुर्चीपाशी ते थबकले.

“चिटणीस,” ते दबक्या आवाजात करवादले, “हे पाय आधी धुतलेले नाहीत!”

चूक माझीच होती. मावशींचे पाय कुणी धुवायचे, हा प्रश्न एकाही बैठकीत निघाला नव्हता.

“मावशी, पटकन नळावर जाऊन या,” मी म्हणालो.

त्या उठल्या. अध्यक्ष गुडघ्यांवरच थांबले. दहा मिनिटांनी मी बघायला गेलो, तर नळ बंद होता आणि खोली रिकामी. जाण्याआधी त्यांनी ती झाडलीही होती. किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली होती. मला लाज वाटली, पण ती इतिवृत्तात घेतलेली नाही.

परात अजून वेदीसमोर आहे, पाण्यासकट. ती कुणी उचलायची, यावर एकशेचाळीस सेवकांचं एकमत होत नाही. गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. कपडे सावरत परातीला वळसा घालून गेलात, मी पाहिलं. तेव्हाच तुमचं नाव सेवकांच्या यादीत घातलं. अभिनंदन.