सांदवाडी आणि हिरवी झारी

"आज तुमी लाखनीले जा," सत्यभामाबाई चहाची कपबशी नवऱ्यापुढे ठेवत म्हणाल्या. "नाही तं तुमसरले जा. कोठी बी जा, पण घरी राहू नोका."

"आपल्या घरी पाहुणे येऊन राहिले, अन् मी लाखनीले जाऊ?" तुलाराम दुखावला. "लोक काय म्हणतीन?"

"लोक काय म्हणतीन ते पाहून घेईन मी. तुमचा हात मले माहीत हाय."

तुलारामचा हात सगळ्या करडी गावाला माहीत होता. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही तो घरात ओढून पानसुपारी द्यायचा. आणि हा दिवस तर नेमका पाहुण्यांचाच होता.

ही सगळी करामत घनश्याम ग्रामसेवकाची. अठ्ठ्याहत्तर सालच्या पौषात, धान मळून गाव मोकळं झालं होतं तेव्हा, त्यानं रविवारच्या पेपरात वाचलं की विलायतेत समुद्रकाठच्या एका खेड्यात लोक वर्षातून एक दिवस आपापल्या बागांची फाटकं उघडी ठेवतात आणि येणारे-जाणारे बागा पाहून जातात. घनश्यामनं लगेच ग्रामपंचायतीत लोक जमवले.

"आपल्या इथं समुद्र कोठी हाय?" कोणीतरी विचारलं.

"तलाव हाय ना!" घनश्याम म्हणाला.

"अन् फाटक उघडी ठेवाले कायले सांगाव लागते? आमचं फाटक तं गावची ढोरंच उघडतेत."

पण बक्षीस पाहिल्यावर सगळे गप्प झाले. ज्या घरची सांदवाडी, म्हणजे घरामागची भाजीची वाडी, सगळ्यांत चांगली दिसेल, तिथल्या बाईला झारी मिळणार होती. हिरव्या रंगाची, लांब नळीची, तोंडाला भोकाभोकांची चकती असलेली. तालुक्याचे साहेब जीपनं येऊन निवाडा करणार होते.

सत्यभामाबाईंनी ती झारी ग्रामपंचायतीच्या टेबलावर पाहिली आणि त्यांची झोपच उडाली. विहिरीवरून गुंडानं, म्हणजे हंड्यानं, पाणी आणायचं आणि रोपाच्या बुडाशी वाकून गडव्या-गडव्यानं घालायचं, असा त्यांचा लग्नापासूनचा नेम. कंबर सरळ ठेवून पावसासारखं पाणी घालता येईल, ही कल्पनाच त्यांना मोठी सुखाची वाटली. शिवाय कुंपणापलीकडे त्यांची मोठी जाऊ, सुलोचनाबाई राहत होत्या. वाटण्या झाल्यापासून दोघींचं भांडण नव्हतं, पण एकीच्या वांग्याला फूल आलं की दुसरीचं जेवण गोड लागत नसे.

यंदा मात्र सत्यभामाबाईंची वाडी नजर लागावी अशी फुलली होती. वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, मुळा, सांभार म्हणजे कोथिंबीर, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांचा मांडव, आणि कवेलूच्या छपरावर चढलेल्या वेलाला एक भलंमोठं कोहळं. कोहळ्याला बोट दाखवलं की ते सडतं, म्हणून गेला महिनाभर त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते कोपरानं दाखवावं लागत होतं.

साहेब पुढच्या दारानं येणार म्हणून सत्यभामाबाई पुढचं अंगण सारवायला बसल्या. तुलाराम काही लाखनीला गेला नव्हता, म्हणून मागच्या वाडीचं फाटक त्यांनी नाइलाजानं त्याच्या हवाली केलं. "फक्त दाखवा. द्या-घ्यायचं काम नाही," त्यांनी बजावलं.

"मी काय लहान हाव?" तुलाराम म्हणाला.

पहिला आला मंगरू कोतवाल. तो दवंडी द्यायला निघाला होता. फाटक उघडं दिसलं म्हणून डोकावला. "वा! काय कवळे वांगे हायेत भाऊ!" तो म्हणाला आणि जायला वळला.

आता आपल्याकडची रीत अशी, की वाडीत आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही. त्यानं मागायचं नसतं. त्यानं वाखाणायचं आणि घरच्यानं तोडून द्यायचं. हे पेपरातल्या विलायतेच्या बातमीत छापलेलं नव्हतं. तुलारामला बायकोची ताकीद आठवली, मंगरूचा रिकामा हात दिसला, आणि हातच जिंकला. "थांब बापा," तो म्हणाला. "सकाळी सकाळी पहिला पाहुणा तू." त्यानं टोपलीभर वांगी तोडून दिली.

मंगरू एका हातानं डफडं आणि कमरेवर टोपली सांभाळत गावभर फिरला. "ऐका हो ऐका, वाड्या पाहाले चला हो!" लोकांनी दवंडी ऐकली कमी आणि टोपली पाहिली जास्त. वाडी पाहायला गेलं की काय मिळतं, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग रीघ लागली. ताराचंद आला, भेदरांवर खूष झाला, भेदरं घेऊन गेला. मंगलाबाईंनी मुळ्याची इतकी तारीफ केली की त्यांना मुळ्याबरोबर सांभारही मिळाला. भोजराज तर नुसता "रामराम" म्हणाला, पण तो मांडवाकडे पाहून म्हणाला असं ठरवून तुलारामनं त्याचा दुपट्टा शेंगांनी भरला. घरातल्या टोपल्या संपल्या तेव्हा सूप गेलं, सूप गेल्यावर भात शिजवायचा पितळेचा गंज गेला.

पुढच्या अंगणात सत्यभामाबाईंना मागून "वा! वा!" ऐकू येत होतं. त्यांचा जीव सुपाएवढा झाला. सूपही त्याच वेळी फाटकातून बाहेर पडत होतं, हे त्यांना दिसत नव्हतं.

सुलोचनाबाई हुशार. त्यांनी आपल्या फाटकात बोरीची काटेरी फांदी आडवी टाकली होती आणि येईल त्याला सांगत होत्या, "साहेब येऊन गेल्यावर या बापा. आता नोको." पण शेजारचा गलका ऐकून त्यांनाच राहवेना. त्या मागच्या फाटकातून आत आल्या आणि पाहतात तो काय, दिराची वाडी टोळ पडल्यासारखी.

"भाऊजी! हे काय होऊन राहिलं?"

"या ना वहिनी! किती सालांनी वाडीत आल्या तुमी!" तुलाराम गहिवरला. आजूबाजूला पाहतो तर द्यायला काहीच उरलं नव्हतं. मोठी वहिनी रिकाम्या हातानं जाणार, या विचारानं त्याला घाम फुटला. तेवढ्यात त्याची नजर छपरावर गेली.

"भाऊजी, ते नोको! सत्यभामा मारून टाकन तुमाले!"

तो शिडी लावून चढलासुद्धा. धान मोजायची मोठी टोपली तेवढी राहिली होती. तिच्यात कोहळं घालून त्यानं वहिनींच्या डोक्यावर ठेवलं, आणि बाहेर जीपचा भोंगा वाजला.

सत्यभामाबाईंनी साहेबांना ओवाळलं आणि मोठ्या ऐटीनं घरातून मागच्या दाराशी नेलं. "या जी साहेब, हे आमची वाडी," असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

साहेबांनी ओरबाडलेल्या वाफ्यांवरून नजर फिरवली.

"बाई, इथं काय लावणार आहात?" साहेबांनी आदरानं विचारलं.

"सारं होतं जी!" तुलाराम पुढे होऊन म्हणाला. "तुमीच उशीर केला."

सत्यभामाबाईंनी आधी उघड्या मांडवाकडे पाहिलं, मग छपराकडे, मग नवऱ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत खळकन पाणी आलं आणि त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. तेव्हा कुठे तुलारामला कळलं की आपण काय करून बसलो.

सुलोचनाबाईंची वाडी गच्च भरलेली होती. साहेबांनी तिथल्या तिथे झारी त्यांच्या हातात दिली, घनश्यामनं टाळ्या वाजवल्या. वाकून एक मुळा पाहत साहेब म्हणाले, "वा, काय मुळे आहेत!"

कुंपणापलीकडून तुलारामचा पडेल आवाज आला. सवय ती सवय. "वहिनी, साहेब रिकाम्या हातानं जातीन का?"

सुलोचनाबाईंनी दात-ओठ खाल्ले आणि मुळे उपटले. मग ग्रामसेवकाला वांगी, जीपच्या ड्रायव्हरला शेंगा. जीप गेली आणि फाटकाशी सगळं गाव उभं राहिलं. "साहेब येऊन गेल्यावर या म्हणलं होतं ना काकू?" ताराचंद म्हणाला. "आलो."

दिवस मावळायच्या आत दोन्ही वाड्या सारख्याच दिसायला लागल्या.

संध्याकाळी सत्यभामाबाईंच्या घरी टोपल्या परत यायला लागल्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीतही त्याच गावची. कोणी तांदूळ घातले, कोणी लाखोळीची डाळ, मंगरूनं टोपलीत तलावातले झिंगे आणले. गंजात मंगलाबाईंनी वांग्याचीच भाजी घालून पाठवली होती. ओसरी भरून गेली, पण सत्यभामाबाईंचं तोंड काही उघडेना.

"एवढं आलं, पाह्य तं खरी," तुलाराम घाबरत घाबरत म्हणाला.

"मले याचं काय करा लागते? मले झारी पायजे होती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. तुलाराम कोपऱ्यात जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं.

तेवढ्यात मागच्या फाटकातून सुलोचनाबाई आल्या. डोक्यावर धान मोजायची मोठी टोपली, वर फडकं.

"सत्यभामा, तुई टोपली आणली वं. रिकामी कशी आणू? वाडीत तं पान बी नाही राह्यलं."

त्यांच्या घरात तांदळाच्या कोठ्या भरलेल्या होत्या, हे दोघींनाही माहीत होतं. सत्यभामाबाईंनी फडकं उचललं. आत हिरवी झारी होती.

"मोठीबाई, हे तुमची हाय. तुमाले भेटली."

"कोहळं तुयं होतं का नाही? आमी शिजवलं बी. आता घे गुपचूप."

सत्यभामाबाईंनी झारी पोटाशी धरली. मग जावेला हाताला धरून बसवलं, आणि दोघींनी तुलारामला अर्धी रात्र होईस्तोवर मिळून शिव्या दिल्या. त्यालाही त्यानं बरंच वाटलं.

सकाळी सत्यभामाबाई झारी परत द्यायला निघाल्या. पण भांडं रिकामं कसं द्यायचं? त्यांनी ती विहिरीवर काठोकाठ भरली, आणि भरलेली नेलीच आहे म्हणून जावेच्या वांग्यांच्या झाडांना पाणी घालून टाकलं. सुलोचनाबाईंनी मग ती पुन्हा भरली आणि इकडे आणली. महिन्याभरात दोन्ही वाड्या पहिल्यासारख्या झाल्या. झारी नक्की कोणाची, हे कोणी विचारलंच नाही.

एका सकाळी दोघी जावा पाणी घालत होत्या आणि वाटेनं एक परगावचा माणूस चालला होता. तो वाडीकडे पाहून थबकला.

तुलाराम फाटकाशीच होता. "काय पाहून राहिले जी?" तो म्हणाला. "आत या ना!"

"फाटक लावा!" दोघी एकदमच ओरडल्या.