भोंग्याखालचं स्टूल

नगराध्यक्षांच्या मेव्हण्याची कडब्याची गंज जळून खाक झाली, तेव्हा गहिनीनाथ टेलिफोनपासून दोन हातांवर बसून आपलं पायताण शिवत होता. फोन वाजून वाजून दमला, पण गड्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हातात नोटीस पडली. कामात कसूर, बडतर्फ का करू नये? गहिनीनाथ हबकलाच. अठरा वर्षं तो नगरपालिकेच्या आगीचा बंब चालवत होता, टेलिफोन राखत होता आणि दिवसातून तीनदा गावाचा भोंगा वाजवत होता. हा भोंगा कुणा शहाण्यानं बंबाच्या शेडवर, बरोबर त्याच्या स्टुलाच्या डोक्यावर बसवला होता. आपले कान कधी गेले ते त्यालाही कळलं नव्हतं. अलीकडे माणसं हळू बोलायला लागलीत, एवढंच त्याला वाटायचं.

बायको गोजरबाईला मात्र सगळं ठाऊक होतं. तिनं शाळेतल्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. कान कामावर गेले, म्हणजे हा कामामुळे झालेला आजार. तेव्हा भरपाई द्यावी आणि बडतर्फीऐवजी बसून करायचं काम द्यावं.

चौकशीला नगरहून विष्णुपंत आले. बारीक अंगाचे, संशयी स्वभावाचे गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, "नोटीस मिळाली की बहिरे होणारे मी खूप पाहिलेत, बाई."

"मग ह्ये बी बगा," गोजरबाई म्हणाली.

विष्णुपंतांनी परीक्षा ठरवली. गहिनीनाथला अंगणात पाठमोरं बसवलं आणि बाराचा भोंगा शिपाई छगनकडून वाजवून घेतला. पत्रे थरथरले. विष्णुपंतांनी स्वतःचे कान दाबून धरले. आणि गहिनीनाथ? तो शांतपणे उठला, घड्याळाला चावी दिली आणि भाकरीचं फडकं सोडायला बसला.

"ऐकलं! चक्क ऐकलं!" विष्णुपंत ओरडले.

"ऐकलं न्हाई वो सायेब!" गोजरबाई म्हणाली. "अठरा वर्सं बाराला भाकर खात्यात. भुकंला काय कान लागत्यात व्हय?"

विष्णुपंतांना हे पटलं नाही, पण ते निकालही देईनात. मग त्यांना वाटलं, भोंगा अवेळी वाजवावा. छगन घाबरला. "सायेब, अवेळी भोंगा म्हंजी आग. आख्खं गाव पळत यील."

"येऊ द्या. मी सांगतो त्यांना."

सव्वातीनला भोंगा वाजला. गहिनीनाथ ढिम्म. विष्णुपंतांचा चेहरा जरा मऊ झाला, त्यांनी लिहायला पेन्सिलही काढली. तेवढ्यात बादल्या, घागरी, एक पखाल असं सगळं गाव अंगणात घुसलं.

"कुठं लागली? कुठं?"

"कुठेही नाही! फक्त भोंगा वाजवला!" असं म्हणत विष्णुपंतांनी शेडवरच्या भोंग्याकडे हात केला.

गर्दी दिसताच गहिनीनाथनं वळून पाहिलं. त्याला बादल्या दिसल्या आणि साहेबांचा हात दिसला. त्या हाताच्या रेषेत, शेडच्या पलीकडे, नगराध्यक्षांच्या बंगल्यामागून धूर निघत होता. नगराध्यक्षीणबाई लंकाबाई मागच्या अंगणात चुलीवर कुरडयांचा चीक शिजवत होत्या. पण हे गहिनीनाथला कोण सांगणार? तो बंबावर चढला आणि घंटा बडवत सुटला. मागून छगन, गोजरबाई, अख्खं गाव आणि छातीला हात लावलेले विष्णुपंत.

"थांबा! आग नाही!"

बंब बंगल्यासमोर थांबला. गहिनीनाथनं नळी जोडली. पहिली धार चुलीवर, दुसरी खाटेवर वाळणाऱ्या कुरडयांवर आणि तिसरी दुपारची झोप मोडून बाहेर आलेल्या नगराध्यक्षांवर.

"मेल्या, पाणी बंद कर!" लंकाबाई किंचाळल्या.

"भिऊ नगा बाई, लई पानी हाय!" असा धीर देऊन गहिनीनाथनं धार आणखी मोठी केली.

विष्णुपंत धापा टाकत पोचले. त्याच्या कानाला तोंड लावून त्यांनी बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली, "आग नाही!" गहिनीनाथनं नुसती मान हलवली आणि नळीचा मागचा भाग त्यांच्या हातात दिला. "धरा सायेब, घट्ट धरा."

टाकी रिकामी झाल्यावरच तो थांबला. भिजलेल्या विष्णुपंतांनी भिजलेल्या कागदावर, नगराध्यक्षांच्या डोळ्यांदेखत लिहिलं, 'दोन्ही कान पूर्ण गेले. कारण : भोंगा. भरपाई द्यावी. बंब आणि भोंगा ही कामे काढून घेऊन बसून करायचे काम द्यावे.' गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाकून त्यांचे पाय धरले.

महिन्याभरात हुकूम निघाला. साहेबांची सही, नगरपालिकेचा शिक्का, सगळं जिथल्या तिथं. गोजरबाई पेढे घेऊन नवरा कुठं बसतो ते बघायला गेली आणि शेडच्या दारातच थबकली.

बंब नव्या माणसाकडे गेला होता, भोंगा छगनकडे. बसून करायचं काम त्या शेडमध्ये आता एकच उरलं होतं. गहिनीनाथ नवी टोपी घालून, नव्या खुर्चीवर, टेलिफोनसमोर ताठ बसला होता. फोन खणखण वाजत होता.

त्यानं बायकोकडे पाहून समाधानानं हात केला.

"ये, बस की. लई निवांत काम हाय."