साहेबांचा चौकोन

“काका, तुम्ही नेमकं काम काय करता?”

प्रश्न मैत्रिणींचा होता, तोंड तेवढं भोंग्याचं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून शाळेत तिला हेच नाव पडलं होतं. ‘आईच्या ऑफिसातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांना हे विचारून दाखव,’ असं डिवचल्यावर मागे हटेल तर तो भोंगा कसला. घरच्यांना ऑफिस दाखवायच्या त्या दिवशी भरल्या सभागृहात तिने प्रश्न सोडला आणि शेजारी बसलेले बाबा एकदम स्वतःचे बूट न्याहाळू लागले.

साहेब हसले. “छान प्रश्न. याचं उत्तर तुझ्या आईचं कामच देईल. मॅडम, दाखवा.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

आई त्या कंपनीची एंटरप्राइझ आर्किटेक्ट. कंपनी इतकी अवाढव्य, की कुठला विभाग कशासाठी आहे आणि कुणाचं काम कुणावाचून अडतं, हे अख्खं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सगळं एका चौकटीत बसवायचं, ही तिची नोकरी. समोरच्या भिंतीवर चौकोनच चौकोन उमटले होते, बाणांनी एकमेकांना बांधलेले. सुरळीत चालणारे हिरवे, कशाची तरी वाट बघत ताटकळलेले पिवळे. एखादा चौकोन दाबून ‘हा नसला तर’ असं विचारलं, की त्याच्यावाचून जे जे बंद पडेल ते लाल व्हायचं. मघाशी आईने पगार विभाग दाबला, तेव्हा अर्धी भिंत लाल झाली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“माझा दाबा,” साहेब म्हणाले.

“सर, ते अजून कच्चं आहे.”

“अहो, दाबा. पोरांना कळू दे.”

आईने दाबला. भिंत लाल झाली नाही. एक चौकोनसुद्धा नाही. उलट इतका वेळ पिवळे असलेले चौकोन एकेक करून हिरवे व्हायला लागले.

मागून कुणीतरी खोकलं. ते खोकणं फारच आनंदी होतं.

“बाबा, म्हणजे काय झालं?”

“ते सगळे साहेबांच्या सहीसाठी अडलेत,” बाबा ओठ न हलवता पुटपुटले. “आता एक अक्षर बोलू नकोस.”

“मॅडम, जरा आत या,” साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

केबिन काचेची होती. ऐकू काही येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं: साहेबांचं नाचणारं बोट, आईची खाली गेलेली मान. बाबांची नोकरी गेल्यापासून घर आईच्याच पगारावर चाललं होतं.

“बाबा, आईला काढतील?”

“साहेब उठले का?”

“उठले. पडदा ओढतायत.”

“मग काढलंच.”

“तुला कसं माहीत?”

“मला दोनदा काढलंय.”

घरी जाताना बाबा गाडी चालवत होते, भोंगा मागच्या सीटवर होती. बाबांच्या शेजारी बसलेल्या आईनेच विषय काढला.

“काढलं नाही.”

“मग?”

“माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेत. पुढच्या आठवड्यात संचालक येतायत. म्हणाले, मुलीला घेऊन या. सगळ्यांसमोर हाच प्रश्न उपाध्यक्षांना विचारायला सांगा.”

“त्यांना का?”

“साहेबांच्या खुर्चीवर डोळा आहे त्यांचा.”

भोंग्याच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. “विचारते की. त्यांनाच काय, ओळीने सगळ्यांना विचारते. एकेकाचा चौकोन दाबायला लावते.”

“झाली सुरू,” बाबा म्हणाले.

“आई, तुझा चौकोन दाबला तर काय होतं गं?”

आई खिडकीबाहेर बघायला लागली. “माझा त्यात नाहीये.”

“असं कसं?”

“होता. एकदा संध्याकाळी सगळे गेल्यावर दाबून बघितला.”

“मग?”

“भिंत तशीच राहिली. पुसून टाकला.”

बाबांनी गाडीचा वेग उगाचच कमी केला. भोंग्याने पुढच्या दोन्ही सीटांच्या मध्ये डोकं घालून आईबाबांना सांगून टाकलं, “मी ठरवलंय. मी येत नाही. साहेबांना सांग, घसा बसलाय.”