साळवेबाईंचा वर्ग

आमच्या साळवेबाई पुरुषाचा आवाज फार छान काढत. नोकरी मात्र नाटक कंपनीत नव्हती. ऐंशीच्या दशकात तळवलीजवळच्या एका रसायन कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला. तो सांभाळायला आम्हा पाच कारकुनांना निवडलं आणि आम्हाला शिकवायला या बाई आल्या.

दुपारी जेवण अंगावर आलं की फोन वाजे. "हेड ऑफिसातून बोलतोय. काम अडलंय. पासवर्ड सांग, लवकर." आवाज इतका साहेबी, की माणूस खुर्चीतून उठून पासवर्ड सांगे. दोन मिनिटांनी बाई आत येत आणि फळ्यावर लिहीत, 'आज पडले : जोशी.' मी एका आठवड्यात तीनदा पडलो. बाई म्हणाल्या, "पाटील, कुलूप लई भारी आहे, पण किल्ली तुम्ही फोनवर वाटायलाव."

बाई नांदेडकडच्या. वाशीला फ्लॅटमध्ये एकट्या राहत. एकदा सख्खा भाऊ गावाहून ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन आला, तर दार उघडण्याआधी यांनी आतून विचारलं, "आपल्या शाळेच्या मास्तरांचं नाव काय?" भावाने नाव सांगितलं, वर बहिणीच्या डोक्याबद्दलही दोन शब्द सांगितले. हे सगळं बाईंनीच आम्हाला धडा म्हणून ऐकवलं.

रोजची कामं मशीनने आपोआप करावीत म्हणून आज्ञा ओळीने लिहून ठेवतात, त्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. बाईंचा नियम होता, स्क्रिप्ट चालवण्याआधी मोठ्याने वाचायची. एके दिवशी मी जुन्या फायली पुसायची स्क्रिप्ट लिहिली आणि न वाचताच चालवली. दोन अक्षरांमध्ये एक जागा चुकून सुटली होती. तेवढ्याने जुन्या-नव्या सगळ्याच फायली पुसल्या गेल्या. टेपवरची नक्कल चार दिवसांपूर्वीची. त्यानंतरचे प्रयोगशाळेचे सगळे निकाल गेले.

मॅनेजर आले. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो.

"कोणी केलं हे?"

मी टेपवरचं लेबल वाचू लागलो.

"माझ्याकडून झालं," बाई म्हणाल्या. "शिकवताना."

त्यांना मेमो मिळाला आणि ठरलेली बढती थांबली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेच्या वह्या मागवल्या. मी आकडे वाचायचे आणि त्यांनी टाइप करायचे, असं सुरू झालं. दुपारपर्यंत मला राहवेना. "बाई, मी साहेबांना खरं सांगून येतो."

"कायम झाल्यावर सांगा. आता वाचा."

"पण तुम्ही कशाला अंगावर घेतलं?"

बाईंचे हात थांबले. "माझी पहिली नोकरी पुण्यात. तेव्हा माहिती भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर असायची. माझ्या हातून अख्खा ट्रे पडला, दोन हजार कार्डांचा क्रम गेला. साहेबांनी विचारलं कोणी पाडला, तर मी गप्प. शेजारी निर्मला होती, तिच्यावर आलं. तिला काढलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "नंतर दोन पत्रं टाकली तिला. घर बदललं होतं तिनं. दोन्ही पत्रं परत आली."

मी पुढची ओळ वाचली. बाई पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "पुन्हा सांगा."

मी आकडा पुन्हा सांगितला, या वेळी जरा सावकाश.