सुमनबाईंच्या चित्रासाठी भरवशाचा छपाईवाला

चित्र काढणं ही माणसाची खाजगी बाब असली, तरी ते छापून घेणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. चित्रकार चुकला तर त्याला शैली म्हणता येतं. छपाईवाला चुकला तर ते चौकात टांगलं जातं. सबब, चित्रकारानं भरवशाचा छपाईवाला कसा निवडावा, याविषयी लातूर-नांदेड भागातल्या होतकरू कलावंतांच्या माहितीस्तव चार शब्द सादर करतो. अधिकार विचाराल तर मी आमच्या हौशी कला मंडळाचा सचिव आहे. (अध्यक्षही मीच. एकमेव सदस्या विशाखा सभेला येत नाही, त्यामुळे सर्व ठराव एकमतानं होतात.)

आधी आपलं भाग्य समजून घ्या. भूकंपानंतर इथं पत्र्याची शेडं आली, मग सिमेंटची घरं आली, आणि मग क्लासेस येऊन घराघरावर गुणवंतांचे फ्लेक्स चढले. आज लातुरात नळाला जितका वेळ पाणी असतं, त्याहून जास्त वेळ फ्लेक्सची मशीनं चालू असतात. मंडळाच्या पाहणीनुसार शहरातले नव्वद टक्के चेहरे रस्त्याच्या वर, विजेच्या तारांच्या उंचीवर राहतात. खाली चालणारे दहा टक्के म्हणजे त्यांचे पालक.

टिकाऊपणाची शंकाच नको. ते कॉटनच्या कागदावर छापणारे शंभर वर्षांची हमी देतात म्हणे. पण वसूल करायला जगतंय कोण? आमचा फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत चौकात टिकतो आणि त्यानंतर लोह्याकडं सोयाबीनच्या गंजीवर. मागच्या सालचे काही भावी डॉक्टर अजून तिथं पालथे पडून सेवा देत आहेत.

आता विशाखाकडं येऊ. ती शाळेत चित्रकला शिकवते. तिनं आपल्या आईचं, सुमनबाईंचं, तैलचित्र काढलं. ते हैदराबादच्या एका संग्राहकाला पसंत पडलं आणि सोमवारी त्याचा माणूस न्यायला येणार असं ठरलं. तेव्हा सुमनबाईंनी हट्ट धरला.

"जाऊ दे की हैदराबादला, पर तसंच एक मला छापून दे. माझ्या रंगाचा माझा एक बी फोटो न्हाई."

तक्रार खरी होती. लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं हातानं रंग देऊन त्यांना गुलाबी केलं होतं. भूकंपानंतर शेडमध्ये ओळखपत्रासाठी फोटो निघाला, त्यात फ्लॅश असा पडला की डोळे आणि साडीचा काठ एवढंच उरलं. (साहेबांनी ओळख पटवून शिक्का मारला.) साठी उलटलेली बाई, आणि तिला ती जशी आहे तशी दाखवणारा घरात फक्त आरसा. विशाखाच्या चित्रात मात्र त्या होत्या तशाच होत्या, उन्हात वाळवलेल्या चिंचेसारख्या तांबूस काळ्या. चित्र बघून बाई दिवसभर खुशीत होत्या.

भरवशाची पहिली खूण म्हणजे गर्दी. म्हणून मी विशाखाला लातुरात शिवप्पाच्या दुकानात नेलं. तिथं निकालाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. शिवप्पानं चित्राकडं न बघता विचारलं, "चेहरा कशाचा? निकाल, वाढदिवस का श्रद्धांजली?"

"नुसताच आहे," विशाखा म्हणाली.

"नुसता चेहरा कोण छापतंय मॅडम?"

मुद्दा रास्त होता. आपल्याकडं माणसाचा चेहरा या तीनच कारणांनी छापला जातो, आणि शिवप्पाच्या संगणकात त्याचे तीनच कप्पे आहेत. जून चालू होता, म्हणून त्यानं सुमनबाईंना निकालात टाकलं. संध्याकाळी दुकानाच्या कठड्यावर त्या वाळत होत्या. रंग दुधासारखा, अंगात पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि बाजूला मोठ्या अक्षरात गुण. उदगीरहून पोराला क्लास लावायला आलेले एक गृहस्थ कितीतरी वेळ हात जोडून उभे होते.

"या बाईंनी कुठला क्लास लावला?" त्यांनी मला विचारलं. "या वयात डॉक्टरकीला नंबर लागतोय म्हणल्यावर आमच्या येड्याचा बी लागंल की!"

सामाजिक परिणाम इतका चांगला असूनही विशाखानं प्रिंट परत केला. कलावंतांचा स्वभावच असा आडमुठा असतो.

मग आम्ही नांदेड गाठलं. तिथल्या रिजवानचं मशीन खोलीएवढं आहे आणि त्या खोलीला एसी आहे. (रिजवान बाहेर पंख्याखाली बसतो.) त्यानं चित्र नीट बघितलं, कौतुकही केलं. तरी प्रिंट निघाला तो गोराच.

"मी काहीच केलेलं नाही ताई," तो अगदी कळवळून म्हणाला. "चेहरा दिसला की सॉफ्टवेअरच उजळून राहिलंय. ते बंद कसं करायचं, हे आजवर कुणी विचारलंच न्हाई."

बाईंचं वय बघून सॉफ्टवेअरनं भोवती फुलांचा हार आणि खाली 'भावपूर्ण' हा शब्दही आपणहून घातला होता. रिजवानला काम इतकं आवडलं की नमुना म्हणून त्यानं तो दुकानाच्या स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी लोह्याहून सुमनबाईंचे धाकटे भाऊ ग्यानोबा जीपभर माणसं घेऊन रडत दारात हजर! दार सुमनबाईंनीच उघडलं. ग्यानोबा आधी दचकले, मग चहा प्याले, आणि निघताना म्हणाले, "पर अक्का, फोटो लई झकास आलाय."

सुमनबाईंचा बांध फुटला. "जित्तेपणी जाऊ द्या, मेल्यावर तरी माझा रंग मला ऱ्हाऊ द्या की रं!" मग विशाखाला म्हणाल्या, "नगं मला काही. नेऊ दे त्या हैदराबादवाल्याला." आणि आत जाऊन भांडी आपटू लागल्या. सोमवार एका दिवसावर आला होता.

अशा अगतिक अवस्थेतच माणसं देगलूरला जातात. तिथं लुबना नावाची एक तापट बाई छपाई करते. दुकानात गर्दी नाही, एसी नाही, ग्राहकाला 'बसा' म्हणायची पद्धत नाही. तिनं 'चेहरा कशाचा' असं विचारलंच नाही. ती म्हणाली, "चेहरा कुणाचा? त्यांना आणा."

आमच्या भागातल्या छपाईच्या इतिहासात मूळ चेहरा दुकानात मागवल्याची ही पहिलीच घटना असावी. लुबनानं सुमनबाईंना खिडकीपाशी बसवलं. कॉटनच्या कागदावर चित्राची एकेक पट्टी छापायची, आधी चित्राशी, मग बाईंच्या गालाशी धरायची, तोंड वाकडं करून फेकायची आणि पुन्हा मशीनकडं जायचं, असं चाललं. "मावशी, हलू नका," एवढंच काय ते संभाषण. शेवटी एक पट्टी सुमनबाईंनी स्वतःच तिच्या हातातून काढून घेतली आणि उजेडात धरली.

"हाव," त्या म्हणाल्या. "ही मी हाय."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. विशाखा तर सरळ रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते शाईच्या वासानं.

सोमवारी मूळ चित्र हैदराबादला गेलं आणि लुबनाचा प्रिंट बैठकीत लागला. तेव्हापासून येणारा प्रत्येक माणूस विशाखाचं सांत्वन करतो आहे. शिवप्पा स्वतः येऊन हळहळला, "फसवलं मॅडम तुम्हाला. आणा इकडं, फुकटात उजळून देतो." ग्यानोबा तर बहिणीच्या हातचा चहा घेता घेता म्हणाले, "अक्का, जरा काळपट आली न्हाई का?"

सुमनबाई ट्रे घेऊन तशाच चित्राखाली जाऊन उभ्या राहिल्या. "कुठं काळपट? बघ की नीट."

ग्यानोबांनी दोन्हीकडं बराच वेळ बघितलं. "न्हाई, तू बरी हायेस," ते म्हणाले. "फोटोच काळा आलाय."

लोकभावना लक्षात घेता मंडळानं एकमतानं ठराव केला आहे की लुबना भरवशाची नाही. तिच्याकडं जे न्याल, तेच ती छापते. हा ठराव कुणाला अन्यायाचा वाटत असेल, तर त्यानं मंडळाच्या पाहणीत भाग घ्यावा. पद्धत सोपी आहे. आईचा जो फोटो तुम्ही सगळ्यांना पाठवता, तो मोबाइलवर उघडा आणि आईला हाक मारून उजेडात बसवा. दोन्हींत फरक दिसला तर शिवप्पाला किंवा रिजवानला शिव्या देऊ नका. तो फोटो त्यांच्या दुकानात कधी गेलाच नव्हता.