अबोल्यावर उभा क्लाउड

आमच्या इमारतीने स्वतःचा क्लाउड उभारावा, हा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला. लिफ्ट बंद असल्यामुळे विरोधक वरच अडकले होते.

फोटो आणि कागदपत्रं सांभाळण्याचं भाडं कंपन्यांनी वाढवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे जावई संगणकातले तज्ज्ञ. ते सासुरवाडीतच राहत, म्हणून अख्खी इमारत त्यांना जावईबापू म्हणे. त्यांनी योजना समजावली. प्रत्येक घरात एक संगणक कायम चालू राहील. प्रत्येकाच्या फाइलींचे तुकडे करून, त्यांना कुलूप लावून ते इतरांच्या घरी ठेवले जातील. मालक कुणी नाही, साहेब कुणी नाही.

"म्हणजे माझं सगळं यांच्या घरी?" दंतवैद्यांनी शिंप्याकडे बोट दाखवलं.

"तुकडेच फक्त. ते कुणाला उघडता येणार नाहीत. शिवाय प्रत्येक तुकडा दोन घरांत. एक बंद पडलं तरी दुसरं चालूच."

सुरुवातीची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. मग शिंपी आणि संगीतशिक्षिका यांची कुटुंबं मिळून सहलीला गेली. जबाबदार नागरिकांप्रमाणे निघताना दोघांनीही मेन स्विच बंद केला. दंतवैद्यांचे एक्स-रे नेमके याच दोन घरांत होते. त्यांनी एका रुग्णाची दाढ अंदाजाने काढली. अंदाज फारसा चुकला नाही, शेजारची निघाली.

रीतसर चौकशी झाली. "दोष यंत्रात नाही, स्नेहात आहे," जावईबापूंनी निष्कर्ष मांडला. "ज्यांचं पटतं, ते एकदम बंद पडतात. एका तुकड्याच्या दोन प्रती ठेवायच्या तर ज्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, अशाच दोन घरांत."

हे कुणाला खोडता येईना. तातडीने वैरपडताळणी समिती नेमण्यात आली. समिती दोन घरांना जिन्यात समोरासमोर सोडी; माना फिरल्या तर उत्तीर्ण. किरकोळ कुरबुरी फेटाळल्या जात. "नुसतं नाक मुरडून भागणार नाही," समिती बजावी, "सातत्य हवं."

सातत्यात पहिले आलो आम्ही: मी आणि समोरच्या दारात राहणारा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यांची आरामखुर्ची दादाने नेली, तिची उशी मी दिली नाही. तेव्हापासून अबोला. तो बाहेरगावी निघाला की मी मुद्दाम घरी थांबणार, मी निघालो की तो. समितीने 'अनुकरणीय' असा शेरा मारला आणि इमारतीतला सगळा मौल्यवान ऐवज आमच्या दोन घरांत हलवला. आयुष्यात कशात तरी माझा पहिला नंबर आला होता.

आणि एका सकाळी दादाने बेल वाजवली. खांद्यावर खुर्ची.

"घे बाबा. उशीशिवाय पाठ धरते."

"उशी तरी काय कामाची? डोक्याखाली घेतली की मान धरते."

"बाबांवर गेलंय सगळं फर्निचर," दादा म्हणाला. आम्ही दोघे खो खो हसलो. बायकोने डोळे पुसत चहा टाकला.

हसण्याचा आवाज जिन्यात गेला. चहाला उकळी फुटायच्या आत समिती दारात.

"काका, हे काय चालवलंय?" जावईबापू रडकुंडीला आले होते. "लोकांची लग्नं, बारशी, सगळी तुमच्या अबोल्यावर उभी आहेत!"

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा."

"म्हणून तर भरवसा ठेवला," दंतवैद्य कळवळून म्हणाले. "परक्यांची भांडणं टिकतात कुठे?"

बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला. घरात काय गळ्यात गळे घालायचे ते घाला. दर रविवारी मात्र जिन्यात, सर्वांसमक्ष भांडा. कागदोपत्री वैर शाबूत राहिलं पाहिजे.

आम्ही मनापासून तालमीला बसलो. दादा खुर्चीत, मी स्टुलावर, वहिनी प्रेक्षक.

"'बाबांना शेवटपर्यंत मी सांभाळलं', हे वाक्य मी घेतो," दादा म्हणाला.

"ते माझं वाक्य आहे."

"तुझं? औषधं कोण आणायचं रे?"

"तू आणायचास. पाजायचं कोण? थुंकलेली पुसायचं कोण?"

"अहो, तालीम आहे ना ही?" वहिनी मध्ये पडली.

"तालीम गेली खड्ड्यात!" दादाने खुर्ची उचलली. मी उशी ओढून घेतली. दोन दारं एकदम आपटली. जिन्यात कान लावून उभ्या असलेल्या समितीने हळूच टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून नेटवर्क अखंड चालू आहे. वार्षिक अहवालात आमचे जाहीर आभार मानले आहेत; दादाचे एका पानावर, माझे दुसऱ्यावर. योजना आता गावोगाव पसरली आहे. सभासद करून घेताना कळवण्याची पद्धत मात्र बंद झाली. कळवलं की लोक उगाच विचार करत बसतात.

तुम्हाला हसू येतंय, येऊ दे. पण तुमचं ज्यांच्याशी इतकी वर्षं बोलणं नाही, ते नेमकं कशावरून, आठवतंय? आठवत नसेल, तर हात जोडून विनंती आहे, त्यांच्या दाराची बेल वाजवू नका. उशीला टेकून आरामखुर्चीत बसलेल्या आमच्या बाबांचा एकुलता एक फोटो आहे, आणि तो तुम्हा दोघांकडे आहे.