आईची फेरनिवडणूक

शेवटचा साधासुधा दिवस फुशारकीने सुरू झाला.

"आज मी निवडून येणार!" टोस्टला लोणी फासता फासता आर्लीन व्होगल म्हणाली. "आणि तेही एकमताने!"

"आई, तुझ्यासमोर कुणी उभंच नाहीये," तिची मुलगी ग्रेचन म्हणाली. "ही काय महापौरपदाची निवडणूक आहे?"

"नसू दे. मत ते मत."

आर्लीनचं वय एक्याऐंशी. ओहायोतले पूल तपासण्यात तिचा जन्म गेला होता. दोर कमरेला बांधून ती पुलाखाली लटकायची आणि दातांच्या डॉक्टरसारखी तुळयांचा गंज खरवडायची. कॉलेजात ती वर्गात तिसरी होती. तिथे अभियंत्यांचं एक मानाचं मंडळ होतं. त्यात वर्गातली वरची मोजकी मुलं घेत. पण नुसत्या मार्कांवर भागत नसे, चारित्र्यही बघत आणि मग जुने सभासद मत देत. आर्लीनकडे मार्क होते, चारित्र्य तर गरजेपेक्षा जास्तच होतं. पण त्या काळी मंडळात बायकांना प्रवेश नव्हता! त्याऐवजी तिला खास 'महिलांसाठी' असा एक वेगळा बिल्ला देऊ केला गेला. "अर्धा पूल कधी बांधता का तुम्ही?" असं विचारून तिनं तो परत केला.

त्याला साठ वर्षं झाली. परवा कुणा प्राध्यापकानं ही गोष्ट मंडळाच्या पोरांना सांगितली. जो तेव्हा पात्र होता, त्याला आजही निवडता येतं, असा नियम निघाला आणि अध्यक्ष कोल्बी, वय वर्षं वीस, फुलं घेऊन दारात हजर झाला.

मंडळाची रीत अशी, की उमेदवारानं ओतीव पितळेची एक खडबडीत कप्पी कानशीनं घासून आरशासारखी करून आणायची. म्हातारीला त्रास नको म्हणून कोल्बीनं चकचकीत कप्पी आयती आणली होती. आर्लीननं ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली.

"ही कुणी घासली?"

"मीच, मॅडम."

"मग ही तुझी. माझी कुठेय?"

दुसऱ्या दिवशी खडबडीत कप्पी आली. पुढचे कित्येक दिवस व्होगलांच्या सुपालासुद्धा पितळेची चव येत होती!

तर तो शनिवार. आधी मतदान, मग शपथ, मग जेवण. उमेदवार बाहेर व्हरांड्यात थांबले. आर्लीन सगळ्यांत ताठ. थोड्याच वेळात दार उघडलं. "अभिनंदन! सगळे निवडून आले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रेचननं फोटोसाठी फोन काढला. पण आई हसेना. तिची नजर हॉकीची जर्सी घालून पिझ्झा खाणाऱ्या एका पोरावर खिळली होती.

"काय रे, तू कुठल्या शाखेचा?"

"मी? संगीत. ट्रॉम्बोन वाजवतो."

"म्हणजे तू मंडळाचा सभासद नाहीस?"

"नाही आजी. मी कोल्बीच्या खोलीत राहतो. पिझ्झा आहे म्हणाला, म्हणून आलो."

"आणि हात वर केलास?"

"सगळ्यांनी केला, म्हटलं आपणही करावा. तुमच्याच बाजूनं हं!"

सचिव मुलीनं कोरमसाठी डोकी मोजली होती. कुठल्या डोक्यात अभियांत्रिकी आणि कुठल्या डोक्यात ट्रॉम्बोन, हे वरून कसं दिसणार? पुन्हा मोजलं, तर कोरमला नेमका एक जण कमी!

"म्हणजे मी निवडून आलेच नाही," आर्लीननं जाहीर केलं.

"आई!" ग्रेचन दातओठ खात कुजबुजली. आई चारचौघांत असं करू लागली की तिला आजही शाळकरी मुलीसारखं टेबलाखाली शिरावंसं वाटे. "साठ वर्षं वाट बघितलीस ना? आता मिळतंय तर घे की गप!"

"तेव्हा अर्धवट देत होते, तर मी घेतलं नाही. आता अर्धवट घेऊ?"

मग फोनाफोनी सुरू झाली. एक सभासद क्लीव्हलंडला गेलेला, दुसरा फोन उचलेना, तिसरा इवान रस्त्यापलीकडच्या बंदिस्त तलावात पोहण्याच्या स्पर्धेला! कोल्बी धावत गेला आणि त्याला तसाच घेऊन आला. डोक्यावर टोपी, कपाळावर चष्मा, कमरेला टॉवेल. बाहेर नोव्हेंबरचा वारा!

"लवकर बोला, माझी शर्यत लागतेय!" इवान कुडकुडत म्हणाला.

"आधी पाय पूस बाळा, कुणीतरी घसरेल," आर्लीन म्हणाली आणि व्हरांड्याकडे निघाली.

"मॅडम, आतच बसा ना! तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणणार आहे?"

"म्हणूनच चाललेय."

दार लागलं. बाकावर मायलेकी दोघीच.

"नाही म्हणाले तर?" आईनं हळूच विचारलं. पुलाखाली लटकताना न थरथरलेले हात पर्सच्या बंदाशी चाळा करत होते.

"तर तुझीच चूक!" ग्रेचन म्हणाली. पण तिनं आईचा हात धरला.

दार उघडलं. एकमत! इवान टॉवेल सावरत तलावाकडे पळाला.

"अरे, त्याला थांबवा! बाकीच्यांचं मतदान राहिलंय!"

"मॅडम, त्यांचं झालंय असं धरू या," कोल्बी काकुळतीला आला. "तिकडे चिकन गार होतंय."

"आई, पुरे!" ग्रेचन म्हणाली. "दर वेळी तुझंच बरोबर असतं का?"

आईनं चक्क ऐकलं. आत जाऊन तिनं इतक्या खणखणीत आवाजात शपथ घेतली, की ट्रॉम्बोनवाल्यानं पिझ्झा खाली ठेवला. निघताना मात्र कोल्बीला म्हणालीच, "उद्या फोन करते. ते मतदान घ्यायला हवं."

घरी जाताना गाडीत आई म्हणाली, "दर वेळी नाही. सत्त्याहत्तर साली एकदा चुकले होते."

सकाळी ग्रेचन कॉफी घेऊन वर गेली. आई झोपेतच गेली होती. नवा बिल्ला गाऊनला लावलेला होता, अगदी सरळ.

अंत्यविधी झाल्यावर काही दिवसांनी कोल्बी आला. हातात त्याच्या आईनं करून दिलेला नूडल्सचा कॅसरोल, चेहरा पडलेला.

"मॅडमचा फोन आला नाही," तो म्हणाला, "पण मला चैन पडेना. शेवटी मंडळाच्या मुख्य कचेरीला मीच सगळं कळवलं. त्यांनी सगळ्या निवडी रद्द केल्या. मंगळवारी पुन्हा मतदान आहे."

"सगळ्या?" ग्रेचनचा आवाज चढला.

"मॅडमची सोडून! त्या दिवशी नियमाप्रमाणे निवडून आलेल्या त्या एकट्याच. मंगळवारपर्यंत या वर्षीच्या नव्या सभासद म्हणजे फक्त मॅडम."

ग्रेचनला जे हसू फुटलं, ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तसा कोल्बी घाबरून पेपर नॅपकिन शोधू लागला.

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच उभी राहिली. मनात शेकडो वेळा आलेलं, पन्नास वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेलं वाक्य तिनं म्हटलं, "आई, तुझं बरोबर होतं."

आई असती तर लगेच म्हणाली असती, कशाबद्दल? मोघम बोलू नकोस.

तेव्हा ग्रेचननं घसा साफ केला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं, नीट, पुन्हा सांगितलं, "त्या पोरांचं फेरमतदान घ्यायलाच हवं होतं, आई. आणि तुझ्या मतदानाच्या वेळी तू बाहेर बसलीस, तेही बरोबर होतं. तुझं सगळं बरोबर होतं. सत्त्याहत्तर साल सोडून."